आडवा छेद

“पण मग चित्रात कंद का काढला नाहीत तुम्ही?”

शलाकाने हे विचारलं तेव्हा कृष्णाबाई पडवीत बसून अळूचे देठ सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दिसला नाही,” त्या म्हणाल्या.

“दिसला नाही म्हणजे? खणला असता तर दिसला असता.”

“हो. खणला असता तर दिसला असता.”

शलाका मनातल्या मनात हसली. बाई असंच उत्तर देणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती पुण्याहून इतक्या लांब, कोकणातल्या या आडगावी, कापडात गुंडाळलेलं चित्र छातीशी धरून आली होती.

कृष्णाबाई पेंढारकर जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी घर बांधून राहिल्या. लोक त्यांच्याकडे दोन कामांसाठी यायचे. कुणाला झाडाचं नाव हवं असायचं, कुणाला झाड काढायला शिकायचं असायचं. बाई दोघांनाही एकाच बाकावर बसवत. नाव सांगायचं तर आधी नीट बघावं लागतं, आणि नीट बघायचं तर काढून बघावं लागतं. त्यांना ही दोन कामं कधी वेगळी वाटलीच नाहीत.

शलाका मुळगुंद आली ती दुसऱ्या कामासाठी. चित्रकलेचं शिक्षण घेऊन, बक्षिसं घेऊन आली होती. बाईंनी पहिला सबंध पावसाळा तिला रंगाला हात लावू दिला नाही. एक तेरडा समोर ठेवला आणि म्हणाल्या, “सुंदर काढू नकोस. आहे तसा काढ.” शलाका चिडली, रडली, आणि शिकली. इतकी शिकली की पुढे शास्त्रज्ञ आपल्या पुस्तकांसाठी तिच्याकडे चित्रं मागू लागले आणि श्रीमंत लोक तीच चित्रं दिवाणखान्यात लावू लागले.

बाईंचं स्वतःचं एकच चित्र लोकांना माहीत होतं. सड्यावरच्या कंदीलपुष्पाचं. त्या रोपाची पहिली शास्त्रीय नोंद बाईंनी केली होती आणि नोंदीबरोबर हे चित्र छापलं होतं. गवतातून वर आलेला बारीक देठ, त्यावर कंदिलासारखं फूल, फुगीर बूड, निमुळती मान, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना जुळलेली. सगळं जिथल्या तिथे. पण देठ जमिनीपाशी येऊन थांबायचा. खाली एक तुटक रेघ आणि कोरा कागद.

त्या कोऱ्या जागेबद्दल शलाकाला लोकांनी अनेकदा छेडलं होतं. तुमच्या बाईंचं चित्र अर्धंच राहिलं का हो?

आता पुण्यात शलाकाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. चित्र आणि शास्त्र जिथे भेटतात तिथून प्रेरणा कशी मिळते, यावर ती उद्घाटनाला बोलणार होती. प्रदर्शन भरवणारे सबनीस तिला म्हणाले होते, “गुरूंनी सोडलेलं चित्र शिष्येने पूर्ण केलं, असं पत्रिकेत छापू या.” तिने नको म्हटलं, पण अशा आवाजात की सबनीसांनी ते छापायला दिलं.

“बाई, उद्घाटन तुमच्या हातून व्हायला हवं,” ती म्हणाली. “आणि त्याआधी तुम्ही हे बघायला हवं.”

तिने कापड सोडलं.

कृष्णाबाईंनी देठ बाजूला ठेवले. हाताला अळूची खाज राहू नये म्हणून चिंचेच्या पाण्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग चित्र मांडीवर घेतलं आणि गळ्यातलं भिंग डोळ्याशी धरलं.

बाई चित्र बघत तेव्हा कुणी बोलायचं नसे. शलाका पावसाने काळ्या पडलेल्या दगडी गडग्याकडे बघत बसली.

“पानांवरची लव चांगली आलीय.”

शलाकाचे कान तापले.

“फुलाच्या मानेतले केस… हे संध्याकाळचे. आणि हे?”

“सकाळचे, बाई. संध्याकाळी केस आत वळलेले असतात, ताठ. चिलट आत शिरतं, पण बाहेर येऊ शकत नाही. सकाळपर्यंत केस सुकतात. मग ते पराग घेऊन निघून जातं. मी दोन्ही वेळा जाऊन बसले.”

“इतकं कुणी बघत नाही,” बाई म्हणाल्या.

शलाकाने इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, आता उद्घाटनाचं बोलून टाकावं. पण बाईंचं भिंग देठावरून खाली सरकत होतं. जमिनीपाशी आलं. तुटक रेघेच्या जागी आलं. आणि खाली उतरलं.

तिथे कंद होता. चपटा, गोल, मातकट, बारीक मुळ्यांनी वेढलेला.

भिंग बराच वेळ हललं नाही.

“कुठला हा?”

“आपल्या सड्यावरचाच.”

“कुठल्या बाजूचा?”

“तळीच्या वर… करवंदीच्या जाळीपाशी.”

“त्या बाजूला एकच होतं.”

“हो,” शलाका म्हणाली.

“कधी खणलंस?”

“गेल्या भाद्रपदात. मी आले होते, पण तुम्ही देवरुखला गेला होतात.” बाई गावात नाहीत हे कळल्यावरच ती आली होती, हे तिने सांगितलं नाही.

“परत लावलंस?”

शलाकाने श्वास घेतला. “लावलं, बाई. लगेच. होतं तसं.”

कृष्णाबाईंनी भिंग गळ्यातून काढलं, चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं, आणि चित्र शलाकाकडे फिरवलं.

भिंगाखाली कापलेला कंद होता. मधोमध चिरलेला. साल किती जाड, आत गर कसा, गरातली ओल कुठे चकाकते, सगळं शलाकाने काढलं होतं. सबंध चित्रात तिला सर्वांत आवडलेला तोच भाग होता. त्या ओलीसाठी तिने किती वेळा कागद वाया घालवला होता.

“खाली काय लिहिलंयस, वाच.”

अक्षर तिचंच होतं. वळणदार.

“कंद,” ती म्हणाली. “आडवा छेद.”

अंगणात कोंबडी माती उकरत होती. शलाकाला तिचा आवाज फार मोठा वाटला. आपलं तोंड लाल झालं आहे, कानांपासून गळ्यापर्यंत, आणि बाईंना ते दिसतं आहे, हे तिला कळत होतं. पदर तोंडावर घ्यावा असं वाटलं, आणि ती जीन्स घालून आली होती.

“तुझा हात तुझ्याहून खरा आहे,” बाई म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

लाजेने माणूस खाली बघतो, नाही तर भांडायला उठतो. शलाका भांडायला उठली.

“गुरं राखणारी पोरं हेच कंद उकरून खातात, बाई. वर्षानुवर्षं खातात. तुम्ही त्यांना कधी अडवलं नाहीत. मी तर चित्रासाठी घेतला. शास्त्राला उपयोगी पडेल म्हणून घेतला.”

“त्यांना भूक लागते,” बाई म्हणाल्या. “तुला कशाची लागली होती?”

शलाकाने उत्तर शोधलं. शास्त्राची? कलेची? तिला तो दुपारचा सडा आठवला. खुरप्याचा कातळावर झालेला आवाज. कंद हाती आल्यावर तिच्या मनात आलेलं पहिलं वाक्य आठवलं. ‘हा बाईंनीसुद्धा पाहिलेला नाही.’ रोपाचा विचार त्यात कुठेच नव्हता. लॉजच्या टेबलावर भाजीच्या सुरीने तो चिरतानाही नव्हता. फूल ऐन बहरात होतं, शेंग धरायची होती अजून, हे तिला दिसलं होतं. दिसलं म्हणूनच तिने घाई केली होती, फूल सुकायच्या आत चित्र व्हावं म्हणून.

तिने चित्र ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरलं.

“मी हे फाडून टाकते.”

बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात हलका होता, ओलसर, चिंचेच्या वासाचा.

“रोप गेलं. आता हेही घालवतेस?”

“मग काय करू?”

“प्रदर्शनात लाव. चांगलं चित्र आहे.”

“आणि खाली काय लिहू?”

“झालं ते.”

“लोक काय म्हणतील, बाई?”

कृष्णाबाईंनी अळूचे देठ पुन्हा पुढ्यात ओढले. उद्घाटनाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तिलाही काढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एस. टी.च्या आधी, शलाका एकटी सड्यावर गेली. कातळावर सीतेच्या आसवांची फुलं निळी पसरली होती. करवंदीच्या जाळीपाशी तिचा खड्डा होता. वर्ष उलटलं तरी बुजला नव्हता, कातळाच्या खोबणीत माती असते ती थोडीच, आणि ती तिने उपसून टाकली होती. पाणी साचलं होतं. कडेला खुरप्याची खूण अजून होती. तिने आजूबाजूचं गवत हाताने बाजूला करत करत पाहिलं, गुडघे खरचटेपर्यंत. काही नव्हतं. पाठीमागून गुरं नेणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, “काय हरवलं काय गो तुझं?” शलाकाने मान हलवली आणि ती निघून आली.

पुण्यात सबनीसांना तिने सांगितलं की बाई येऊ शकत नाहीत. चित्राखाली काही लिहायचं आहे असंही म्हणाली. काय, ते सांगितल्यावर सबनीस म्हणाले, “शलाकाताई, पत्रिका वाटून झाल्यात. कुणी विचारलंच तर तोंडी सांगू. भिंतीवर कशाला?”

आणि शलाकाने ऐकलं. सुटल्यासारखं वाटून ऐकलं. चित्र दालनाच्या मध्यभागी लागलं, खाली नुसतं रोपाचं नाव. उद्घाटनाला ती प्रेरणेवर बोलली. चांगली बोलली. बाईंच्या बाकाचं सांगितलं, तेरड्याचं सांगितलं, लोक हसले. कंदाबद्दल कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी एक वयस्कर गृहस्थ चित्रापाशी बराच वेळ उभे होते. चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला लागेल इतके वाकून बघत होते. जाताना ते मुद्दाम तिच्याकडे आले, नमस्कार केला आणि म्हणाले, “हल्ली सगळे वरवरचं बघतात. तुम्ही मुळापर्यंत गेलात. धन्य आहात.”

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

शलाकाने हात जोडले. दालनाच्या मागच्या खोलीत जाऊन ती खोक्यांवर बसली. बाहेर लोक तिचं नाव घेत होते. पडवीत बाईंपुढे वाटली होती ती लाज काहीच नव्हती, असं तिला वाटलं. तिथे निदान एका माणसाला खरं माहीत होतं.

ती उठली. एका कागदावर त्याच वळणदार अक्षरात तिने लिहिलं: ‘हे चित्र काढण्यासाठी हे रोप मी उपटलं आणि त्याचा कंद कापला. तेव्हा ते फुलावर होतं. तिथे दुसरं नव्हतं. शलाका मुळगुंद.’ आणि लोक असतानाच, सगळ्यांदेखत, तो कागद चित्राखाली चिकटवला. सबनीस दारातून बघत होते. ते आत आले नाहीत.

पुढचे सगळे दिवस ती दालनातच राहिली. हवं तर दुसऱ्या कुणाला बसवता आलं असतं, पण बसवलं नाही. लोक चित्राजवळ जायचे, वाकायचे, तोंडावर कौतुक यायचं. मग नजर खाली उतरायची. काहीजण तिच्याकडे वळून बघायचे, काहीजण मुद्दाम बघायचे नाहीत. वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी तिची सही घ्यायला पुस्तक उघडून आली होती. वाट बघता बघता तिने कागद वाचला, पुस्तक मिटलं आणि पुढच्या चित्राकडे गेली. शलाकाने तिला हाक मारली नाही. हाक मारून सांगण्यासारखं काही नव्हतं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, की येऊन वाचून गेले, तिला कधीच कळलं नाही.

प्रदर्शन संपलं. वर्तमानपत्रात त्या कागदाबद्दल बरंवाईट दोन्ही छापून आलं. तिने चित्र घरी आणलं आणि भिंतीवर लावलं, कागदासकट. त्यानंतर तिने पेन्सिल हातात घेतली नाही. कामं येत, ती परत पाठवी. कुणी विचारलं तर डोळे दुखतात म्हणे.

बाईंना तिने काही कळवलं नाही. कळवायला तोंड नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरत आला तेव्हा फोन वाजला. बाई स्वतःहून फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. “ये,” त्या म्हणाल्या. “कोरा कागद घेऊन ये.” आणि ठेवून दिला.

शलाका पोचली तेव्हा बाई काठी घेऊन तयार होत्या. वर्षभरात त्या वाकल्या होत्या. चहा झाला नाही, चौकशी झाली नाही. दोघी सडा चढू लागल्या. बाई थांबत थांबत चालत होत्या. शलाकाने हात पुढे केला तो त्यांनी धरला.

तळी मागे पडली. करवंदीची जाळी मागे पडली. बाई डावीकडे वळल्या, जिथे सडा संपतो आणि कातळ पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो. त्या बाजूला शलाका कधी गेली नव्हती. इतकी वर्षं शिकत असताना बाईंनी तिला तिकडे कधी नेलंच नव्हतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

ती थांबली.

“बाई, मला नका दाखवू.”

बाई चालत राहिल्या. तिचा हात त्यांनी सोडला नव्हता.

“मला रस्ता पाठ होईल, बाई.”

“होऊ दे.”

“तुम्ही कुणालाच सांगितलेलं नाही हे. मग मला कसं…”

“पाय जपून टाक. शेवाळ आहे.”

कातळाच्या एका कपारीपाशी बाई थांबल्या. उंच गवत होतं. त्यांनी काठीच्या टोकाने ते अलगद बाजूला केलं, पडदा सारावा तसं.

बारीक देठ होता. त्यावर फुलं होती, कंदिलासारखी, वाऱ्यावर जराशी हलणारी. एकाच्या मानेपाशी एक चिलट घुटमळत होतं, आत जाऊ की नको असं.

शलाका लांबच उभी राहिली. आपली सावली फुलावर पडेल म्हणून ती मागे सरकली.

बाई एका दगडावर बसल्या. बसताना त्यांना त्रास झाला.

“काढ,” त्या म्हणाल्या.

शलाका खाली बसली. कागद गुडघ्यावर घेतला, पेन्सिल बाहेर काढली. फूल समोर होतं. ऊन पाकळीतून आरपार येत होतं, आत केसांची सावली दिसत होती. पूर्वी असं काही दिसलं की तिचा हात तिच्या आधी धावायचा. आता पेन्सिल कागदाच्या वर होती आणि खाली येत नव्हती. डोळे भरून आले, ते तिने बाहीला पुसले. पुन्हा बघितलं. ऊन सरकलं. चिलट आत गेलं. ती बघत राहिली, आणि कागद तसाच राहिला.

“बाई,” ती शेवटी म्हणाली, “माझा हात धजत नाही.”

कृष्णाबाई फुलाकडे बघत होत्या.

“मग आता काढ,” त्या म्हणाल्या.